निकेलच्या टाकीतील सॅकरिन: मोजून कसे घालावे, कसे तपासावे आणि आणखी कुठे उपयोगी पडते

१८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कोल टारपासून मिळणाऱ्या संयुगांवर काम करणारे कॉन्स्टंटिन फालबर्ग संध्याकाळी जेवायला बसले आणि हाताला लागून राहिलेल्या पदार्थामुळे त्यांना घास गोड लागला, ही सॅकरिनच्या शोधाची हकीकत बऱ्याच जणांच्या वाचनात आलेली असते. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असलेली ही पांढरी भुकटी नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील प्लेटिंगच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने वस्तूवर धातूचा थर चढवण्याच्या, शेडमध्येही ठेवलेली असते आणि तेथील तिच्या कामाचा गोडीशी काही संबंध नसतो, हे मात्र त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. प्लेटिंगमध्ये नव्याने आलेले कामगार, शेडचे मालक आणि डिप्लोमा किंवा रसायनशास्त्राची पदवी घेऊन या व्यवसायात उतरू पाहणारे विद्यार्थी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. चमक कमी दिसली की मूठभर सॅकरिन टाकण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती थांबावी, आणि ही भुकटी टाकीचे आकारमान, अँपियर-तास (टाकीतून गेलेला प्रवाह गुणिले तास) व चाचणी यांच्या हिशेबाने घातली जावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

सॅकरिन टाकीत नेमके काय करते

बहुतेक शेडमध्ये चालते ती निकेलची टाकी १९१६ साली ऑलिव्हर वॉट्स यांनी मांडलेल्या सूत्रावर आधारलेली असते. तिच्यात दर लिटरला साधारण २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ३० ते ६० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि ३० ते ४५ ग्रॅम बोरिक ॲसिड असते, पीएच ३.५ ते ४.५ च्या दरम्यान ठेवला जातो आणि तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअस राखले जाते. या टाकीत दुसरे काहीही न घालता निकेल चढवले, तर थर मऊ आणि मळकट पांढरा येतो आणि त्यात ओढीचा ताण साठतो, म्हणजे जॉबवर (थर चढवायच्या वस्तूवर) बसलेला थर सतत आकसू पाहत असतो. पातळ थरात हे जाणवत नाही, पण जाडी वाढली, किंवा जॉबच्या पृष्ठभागाची साफसफाई कच्ची राहिली, की थर तडकतो किंवा पापुद्र्यासारखा सुटतो.

सॅकरिनचा रेणू कॅथोडवर, म्हणजे आपल्या जॉबवर, चिकटून बसतो आणि निकेलचे स्फटिक मोठे होऊ देत नाही. तेथेच त्याचे विघटन होते आणि त्यातील गंधकाचा अल्पसा अंश निकेलच्या थरात शिरतो. या दोन्ही गोष्टींमुळे थराचे कण बारीक होतात, कठीणपणा वाढतो आणि ओढीचा ताण कमी होत होत शून्याजवळ येतो. मात्रा आणखी वाढवली तर तो उलटून दाबाचा ताण होतो. साध्या वॉट्स निकेलचा कठीणपणा साधारण १५० ते २०० व्हिकर्स (कठीणपणा मोजण्याचे एकक) असतो, तर चकचकीत निकेलचा ४०० च्या पुढे जातो. या फरकात सॅकरिनचा वाटा मोठा आहे.

चमक हे एकट्या सॅकरिनचे काम नाही, ही गोष्ट येथे नीट समजून घ्यावी. एकटे सॅकरिन घातले तर थर बारीक कणांचा आणि काहीसा धुरकट तजेला असलेला येतो, आरशासारखा येत नाही. आरशाची चमक आणि ओरखडे भरून काढण्याचा गुण दुसऱ्या वर्गातील द्रव्यांमुळे येतो. ब्युटिनडायॉल, प्रोपार्जिल अल्कोहोल यांसारखी ही द्रव्ये बाजारात वेगवेगळ्या नावांच्या ब्राइटनरमधून मिळतात. ती चमक देतात, पण थराचा ओढीचा ताण आणि ठिसूळपणाही वाढवतात, आणि तो ताण सावरण्याचे काम सॅकरिन करते. म्हणून व्यवसायात सॅकरिनसारख्या द्रव्यांना कॅरियर किंवा पहिल्या वर्गाचे ब्राइटनर म्हणतात. शेडमधल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ याच जोडीच्या बिघडलेल्या प्रमाणात असते. थर ठिसूळ झाला, चमक उतरल्यासारखी वाटली, म्हणून ब्राइटनर ओतला जातो, त्यामुळे ठिसूळपणा वाढतो, मग आणखी ब्राइटनर ओतला जातो. खरे तर त्या वेळी टाकीत कॅरियर कमी पडलेला असतो.

पिशवीवर काय लिहिले आहे ते आधी वाचावे

बाजारात सॅकरिन दोन रूपांत मिळते. पहिले मूळ आम्लरूपातील सॅकरिन. ते साध्या तापमानाच्या पाण्यात लिटरमागे तीन-चार ग्रॅमच्या आसपासच विरघळते, म्हणून व्यापारी त्याला इन्सॉल्युबल म्हणतात. दुसरे सोडियम सॅकरिन. ते पाण्यात भरपूर विरघळते आणि प्लेटिंगसाठी तेच सोयीचे असते. सोडियम सॅकरिनमध्येही स्फटिकपाणी असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार असतात. रेणुभार पाहिले तर आम्लरूपाचा १८३, निर्जल सोडियम सॅकरिनचा २०५ आणि दोन रेणू स्फटिकपाणी असलेल्याचा २४१ असतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की सूत्रात एक ग्रॅम सॅकरिन आम्लरूपाच्या हिशेबाने सांगितले असेल, तर स्फटिकपाणी असलेले सोडियम सॅकरिन १.३२ ग्रॅम घ्यावे लागते आणि निर्जल असेल तर १.१२ ग्रॅम. पुरवठादार बदलला आणि पिशवीतील प्रकारही बदलला, तर तोच चमचा वापरूनही मात्रा चुकते, आणि चूक कोठे झाली हे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून टाकीशेजारच्या नोंदवहीत प्रत्येक नव्या पिशवीचा प्रकार आणि लॉट क्रमांक लिहून ठेवावा.

सॅकरिन बनवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. टोल्युइनपासून सुरू होणारी रेमसेन-फालबर्ग पद्धत जुनी आहे, आणि ॲन्थ्रानिलिक आम्लाच्या मार्गाने जाणारी पद्धत १९५० च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्यात पुढे आली. पहिल्या पद्धतीच्या मालात ऑर्थो-टोल्युइनसल्फोनामाइड हा अंश अशुद्धी म्हणून राहू शकतो. सॅकरिन वापरले जात असताना टाकीतही हेच संयुग विघटनातून तयार होते. स्वस्तातला अशुद्ध माल घेतला तर नव्या टाकीत पहिल्याच दिवशी जुन्या टाकीचा कचरा घातल्यासारखे होते. प्लेटिंगसाठी आणलेली पिशवी खाण्याच्या कामाला कधीही वापरू नये आणि देऊही नये. खाद्यपदार्थांत सॅकरिनला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे, पण ती खाद्य दर्जाच्या मालाला आहे. शेडमध्ये ही पिशवी कुलपात ठेवावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘खाण्यासाठी नाही’ असे मराठीत लिहावे, कारण ती चाखून पाहण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्या हातांना निकेलचे क्षारही लागलेले असतात.

मात्रा काढण्याची रीत

सुरुवात टाकीतील द्रावणाचे खरे आकारमान काढण्यापासून करावी. कागदावरचे टाकीचे माप घेऊ नये, तर टाकीची आतली लांबी, रुंदी आणि प्रत्यक्ष द्रावणाची उंची मोजावी. दोन मीटर लांब, ०.८ मीटर रुंद आणि द्रावणाची उंची ०.७५ मीटर असेल, तर द्रावण १२०० लिटर होते, आणि त्यातून ॲनोडच्या, म्हणजे निकेल पुरवणाऱ्या धन टोकाच्या, टोपल्यांनी व्यापलेली जागा वजा करावी लागते. चकचकीत निकेलसाठी सॅकरिनची पातळी साधारण एक ते दोन ग्रॅम प्रतिलिटर ठेवली जाते, काही सूत्रांत ती चार ग्रॅमपर्यंतही जाते. आपल्या ब्राइटनरच्या पुरवठादाराने जी पातळी दिली असेल तीच धरावी, कारण त्याच्या द्रव्यांचे प्रमाण त्या पातळीशी जुळवलेले असते. १२०० लिटरच्या टाकीत पातळी अर्ध्या ग्रॅमने वाढवायची असेल तर आम्लरूपाच्या हिशेबाने ६०० ग्रॅम लागते, आणि पिशवी स्फटिकपाणी असलेल्या सोडियम सॅकरिनची असेल तर सुमारे ७९० ग्रॅम.

ही भुकटी थेट टाकीत झोकू नये. स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत कोमट डीएम (क्षार काढलेले) पाणी घेऊन त्यात ती पूर्ण विरघळवावी, द्रावण कापडातून गाळून घ्यावे आणि फिल्टरचे पाणी जेथे टाकीत परत येते तेथे हळूहळू सोडावे, म्हणजे ते सगळीकडे मिसळते. बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील कॅल्शियम टाकीत साठत जाते आणि पुढे थरावर खरखर म्हणून दिसते. सॅकरिन एका वेळी निम्मे घालावे, अर्धा तास द्रावण फिरू द्यावे, हल सेल या छोट्या चाचणी-पेटीत (तिची माहिती पुढे आहे) पट्टी काढून पाहावी आणि मगच उरलेले घालावे. घातलेले सॅकरिन सहज बाहेर काढता येत नाही. कमी पडले तर दहा मिनिटांत भर घालता येते, जास्त झाले तर टाकी पातळ करण्यावाचून सोपा मार्ग राहत नाही.

रोजची भर ठरवण्यासाठी दिवस किंवा जॉबची संख्या हे माप कामाचे नाही, टाकीला एकदिश प्रवाह पुरवणाऱ्या रेक्टिफायरला जोडलेला अँपियर-तास मीटर हवा. सॅकरिन कॅथोडवर विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात खर्च होते, आणि शिवाय जॉबबरोबर चिकटून बाहेर जाणाऱ्या द्रावणातून, म्हणजे ड्रॅग-आउटमधूनही जाते. दुसरा भाग जॉबच्या आकारावर अवलंबून असतो. खोलगट पेल्यासारखा जॉब सपाट पट्टीपेक्षा कितीतरी जास्त द्रावण उचलून नेतो. म्हणून दुसऱ्याच्या शेडचा आकडा घेऊ नये, आपला आकडा आपणच काढावा. त्यासाठी सॅकरिनची पातळी मोजून घ्यावी, भर न घालता काही दिवस काम चालू द्यावे आणि पुन्हा मोजावे. समजा १००० लिटरच्या टाकीत ६००० अँपियर-तासांत पातळी ०.३ ग्रॅम प्रतिलिटरने उतरली, तर ३०० ग्रॅम खर्च झाले, म्हणजे दर १००० अँपियर-तासांना ५० ग्रॅम. हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा, आणि जॉबचा प्रकार बदलला की पुन्हा काढावा.

तपासणी: हल सेल, वाकणारी पट्टी आणि टायट्रेशन

हल सेल ही २६७ मिलिलिटरची तिरप्या बाजूची छोटी पेटी १९३९ साली रिचर्ड हल यांनी मांडली. तिच्यातील पितळी पट्टीवर एकाच वेळी जास्तीपासून कमीपर्यंत सर्व विद्युतघनता (ठरावीक क्षेत्रफळावरील प्रवाह) मिळतात. द्रावण टाकीच्याच तापमानाला ठेवावे आणि हवेने ढवळत दोन अँपियरवर दहा मिनिटे पट्टी काढावी. नुसते चकाकीकडे पाहून पट्टी बाजूला ठेवू नये, तर जास्त विद्युतघनतेच्या टोकाकडून ती हाताने पूर्ण वाकवावी. थर तडकला, वाकवताना बारीक चरचर ऐकू आली किंवा कडेचे पापुद्रे उठले, तर ब्राइटनर जास्त आणि कॅरियर कमी असण्याची शक्यता पहिली धरावी. मग त्याच २६७ मिलिलिटरमध्ये सॅकरिनच्या तयार द्रावणाची मोजलेली भर घालून दुसरी पट्टी काढावी. ती न तडकता वाकली, तर उत्तर हातात आले, आणि तेवढीच मात्रा लिटरमागे मोठ्या टाकीसाठी काढता येते. सॅकरिन घालूनही फरक पडला नाही, तर दोष लोखंड, तांबे, जस्त यांच्या अशुद्धीत किंवा सेंद्रिय कचऱ्यात शोधावा.

ताण प्रत्यक्ष मोजण्यासाठी स्पायरल कॉन्ट्रॅक्टोमीटर हे उपकरण असते, पण लहान शेडलाही परवडेल अशी एक जुनी युक्ती आहे. फॉस्फर ब्राँझची पातळ, सपाट पट्टी घ्यावी, तिची एक बाजू लॅकरने झाकावी आणि उघडी बाजू ॲनोडकडे ठेवून टाकीत निकेल चढवावे. थरात ओढीचा ताण असेल तर थर आकसतो आणि पट्टी ॲनोडच्या दिशेने वाकते. दाबाचा ताण असेल तर ती ॲनोडपासून दूर वाकते. सरळ राहिली तर ताण शून्याजवळ आहे. विद्युतघनता आणि वेळ दर वेळी सारखी ठेवावी, नाहीतर पट्ट्यांची तुलना होत नाही. चार अँपियर प्रति चौरस डेसिमीटर या प्रवाहात वीस मिनिटांत साधारण १५ ते १६ मायक्रॉन निकेल बसते, आणि तेवढा थर या चाचणीला पुरतो. या पट्ट्या तारीख घालून खिळ्याला टांगून ठेवल्या, तर महिन्याभरात टाकी कोणत्या दिशेने सरकली आहे हे कागदावरील आकड्यांपेक्षा लवकर नजरेत भरते.

सॅकरिनची खरी पातळी मोजायची असेल तर प्रयोगशाळेत हे काम एचपीएलसीने, म्हणजे द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाने, होते. ज्यांच्याकडे साधी प्रयोगशाळा आहे त्यांच्यासाठी जुनी पद्धत अशी आहे: टाकीतील २५ मिलिलिटर द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लाने चांगले आम्लधर्मी करावे, म्हणजे सॅकरिन मूळ रूपात येते, मग ते ईथरने तीन-चार वेळा ओढून घ्यावे, ईथरचा थर थोड्या पाण्याने धुवावा, गरम पाण्याच्या उष्णतेवर ईथर उडवावे आणि उरलेला अवशेष कोमट पाण्यात विरघळवून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करावा. एक मिलिलिटर अल्कली म्हणजे १८.३२ मिलिग्रॅम सॅकरिन. म्हणजेच ब्युरेटच्या वाचनाला ०.७३३ ने गुणले की लिटरमागील ग्रॅम मिळतात. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असते, म्हणून हे काम ज्योत, हॉटप्लेट आणि रेक्टिफायर यांच्या आसपास करू नये, आणि धूर ओढणारे कपाट नसेल तर मुळीच करू नये. अशा वेळी नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवणे हेच योग्य.

ही चाचणी विघटनातून झालेला कचरा दाखवत नाही. तो कचरा वाढला की थराची चमक आणि लवचीकता दोन्ही उतरतात आणि सॅकरिनची पातळी मात्र ठीक दिसते. तेव्हा कार्बन ट्रीटमेंट करावी लागते: द्रावण वेगळ्या टाकीत घ्यावे, ५० ते ६० अंशांवर लिटरमागे दोन ते चार ग्रॅम सक्रिय कोळशाची भुकटी घालून दोन-तीन तास ढवळावे, निवू द्यावे आणि गाळून परत आणावे. कोळसा ब्राइटनर शोषतो आणि सॅकरिनचाही काही भाग घेतो, म्हणून टाकी परत सुरू करण्यापूर्वी दोन्हींची पातळी हल सेलवर नव्याने जुळवावी.

नाशिकच्या हिवाळ्याबद्दल एक सूचना येथेच देतो. डिसेंबर-जानेवारीत येथे पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली जाते, आणि रात्रभर बंद राहिलेल्या टाकीतील बोरिक ॲसिडचे स्फटिक तळाशी आणि ॲनोडच्या पिशव्यांवर बसतात. सकाळी टाकी पूर्ण तापण्यापूर्वी काम सुरू केले तर पीएच जागेवर राहत नाही, जास्त प्रवाहाच्या कडा जळतात आणि बोट पुन्हा सॅकरिनकडे दाखवले जाते. आधी तापमान आणावे, द्रावण फिरवावे, मग पट्टी काढावी.

जेथे सॅकरिन जाताच कामा नये

वाहनांच्या बाहेरच्या भागांवर गंज रोखण्यासाठी निकेलचे दोन थर देतात. आतला सेमीब्राइट थर गंधकविरहित असतो, त्यातील गंधक ०.००५ टक्क्यांहून कमी ठेवतात. त्यावरच्या ब्राइट थरात सॅकरिनमुळे गंधक ०.०४ टक्क्यांहून जास्त असते. गंधक असलेला वरचा थर विद्युतरासायनिक दृष्ट्या अधिक सक्रिय असल्यामुळे गंज आला तर तो आडवा पसरत वरचा थर खातो आणि आतला थर वाचतो. दोन्ही थरांमधील विभवांतर साधारण १०० मिलिव्होल्टहून अधिक असावे लागते. सेमीब्राइट टाकीत थोडेसेही सॅकरिन शिरले की हे अंतर घटते. वरून पाहता जॉब सुंदरच दिसतो, उलट आतला थर अधिक चमकदार दिसू लागतो, आणि बिघाड सॉल्ट स्प्रेच्या, म्हणजे मिठाच्या पाण्याचे फवारे मारून गंज तपासण्याच्या, पेटीत कळतो.

मी काम करत असलेल्या एका शेडमध्ये असेच घडले होते. माल सॉल्ट स्प्रेमध्ये नापास होऊन परत येत होता, आम्ही पाणी, क्रोमची टाकी, पुरवठादार अशा सगळ्यांवर संशय घेतला, आणि शेवटी कारण सापडले ते जॉब टांगण्याच्या हँगरच्या फुटलेल्या पीव्हीसी आवरणात. त्या फटींत ब्राइट टाकीचे द्रावण भरून राहत असे आणि पुढच्या फेरीत ते सेमीब्राइट टाकीत उतरत असे. प्रत्येक हँगरमागे काही थेंब, पण दिवसाला शेकडो फेऱ्या. तेव्हापासून मी हँगरचे आवरण आठवड्यातून एकदा बोटाने चाचपून पाहतो, आणि दोन टाक्यांसाठी भुकटी मोजण्याची भांडी आणि ढवळण्याच्या काठ्या वेगळ्या रंगाच्या ठेवतो.

दुसरी मर्यादा उष्णतेची. गंधक असलेले निकेल सुमारे २०० अंशांच्या वर तापले की कणांच्या सीमांवर निकेल सल्फाइड जमते आणि थर ठिसूळ होतो. ज्या भागाचे पुढे वेल्डिंग किंवा ब्रेझिंग होणार आहे, किंवा जो वापरात तापणार आहे, त्यासाठी सॅकरिन नसलेली टाकी वापरावी. ऑर्डर घेतानाच भाग कोठे बसणार आहे हे गिऱ्हाइकाला विचारून घ्यावे.

बफिंगच्या कामगारांसाठी मुखपट्टीची चाचणी

त्याच शेडमध्ये, प्लेटिंगच्या आधी बफिंग आणि पॉलिशिंग करणाऱ्यांच्या नाकातोंडात धातूची आणि कंपाउंडची बारीक धूळ जाते, आणि निकेलच्या क्षारांचा धुरळा श्वासात जाणे तर कर्करोगकारक मानले जाते. एन-९५ मुखपट्टी दिली म्हणजे काम झाले असे नाही, ती त्या माणसाच्या चेहऱ्यावर कडेने घट्ट बसते का हे पाहावे लागते. ते पाहण्याची अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत दिलेली एक मान्य पद्धत सॅकरिनच्या चवीवर चालते. येथे खाद्य किंवा औषधी दर्जाचेच सोडियम सॅकरिन वापरावे, टाकीशेजारच्या पिशवीला हात लावू नये.

दोन द्रावणे करावीत. चव कळते का हे पाहण्यासाठी १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात ०.८३ ग्रॅम, आणि खऱ्या चाचणीसाठी १०० मिलिलिटर कोमट पाण्यात ८३ ग्रॅम. कामगाराने आधी १५ मिनिटे साधे पाणी सोडून काहीही खाऊ-पिऊ नये. चहा, तंबाखू, सुपारी, बडीशेप सगळे वर्ज्य, आणि याबाबत आपल्याकडे विशेष सांगावे लागते. मुखपट्टी न लावता त्याच्या डोक्यावर पारदर्शक टोपडे घालावे, तोंड किंचित उघडे आणि जीभ थोडी बाहेर ठेवून श्वास घ्यायला सांगावे, आणि नेब्युलायझरने सौम्य द्रावणाचे दहा फवारे आत सोडावेत. गोडी जाणवली तर दहा ही संख्या लिहावी, नाही तर आणखी दहा, मग आणखी दहा. तीस फवाऱ्यांनंतरही ज्याला चव येत नाही, त्याच्यासाठी ही चाचणी उपयोगाची नाही आणि दुसरी, कडू द्रव्याची चाचणी घ्यावी.

मग त्याला चूळ भरू द्यावी आणि तोंडातली गोडी पूर्ण गेली की मुखपट्टी बांधून पुन्हा टोपडे घालावे. तीव्र द्रावणाचे तितकेच फवारे सोडावेत, आणि दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्म्याने भर घालावी. या काळात प्रत्येकी एक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवीकडे, मान वर-खाली, मोठ्याने बोलणे, पुढे वाकणे आणि पुन्हा साधा श्वास अशा क्रिया करवून घ्याव्यात. बोलण्यासाठी शंभरापासून उलटे अंक मोजायला लावणे सोपे पडते. मध्येच गोड लागले तर मुखपट्टी कडेने गळते आहे. नाकावरची पट्टी नीट दाबून, पट्टे बदलून किंवा वेगळ्या मापाची मुखपट्टी देऊन चाचणी पुन्हा घ्यावी. कडेखाली दाढी असेल तर चाचणी घेऊच नये. सॅकरिन सुकून नेब्युलायझरचे तोंड चोंदते, म्हणून ते सकाळी आणि दुपारी धुवावे, चार तासांपेक्षा जास्त तसेच ठेवू नये.

ही चाचणी कामगाराच्या प्रामाणिक उत्तरावर उभी आहे. गोड लागले असे सांगितल्यास काम जाईल अशी भीती त्याला वाटता कामा नये, आणि हे मालकाने स्वतः त्याच्यासमोर सांगावे.

इतर उपयोग थोडक्यात

नट-बोल्ट घट्ट धरून ठेवणारे, हवा बंद झाली की आवळणारे ॲनारोबिक गोंद वाहन कारखान्यांत रोज वापरले जातात आणि त्यांच्यापैकी अनेकांत सॅकरिन असते, ते गोंद आवळण्याची क्रिया वेगाने घडवण्यास मदत करते. कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकातील श्लेष्मा पुढे सरकवणारे सूक्ष्म केस काम करतात का हे पाहण्यासाठी नाकात सॅकरिनचा कण ठेवतात आणि घशात गोडी यायला किती वेळ लागतो ते मोजतात. तो साधारणपणे २० मिनिटांच्या आत असतो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळांत वॉट्स द्रावणात सॅकरिन घालून काही दहा नॅनोमीटर आकाराच्या कणांचे निकेल बनवतात. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी हा विषय उत्तम आहे, कारण सॅकरिनची मात्रा बदलत पट्ट्या काढणे आणि कठीणपणा मोजणे एवढ्यावर तो सुरू करता येतो.

नदीच्या पाण्यातील नमुना

गोड द्रव्यांचा एक उपयोग गोदाकाठच्या शहराला जवळचा आहे. ॲसिसल्फेम आणि सुक्रालोज ही द्रव्ये शरीरातून बहुतांशी न बदलता बाहेर पडतात, म्हणून ती पाण्यात सापडली तर त्या पाण्यात माणसांचे सांडपाणी मिसळले आहे असे समजते. ॲसिसल्फेमचा असा उपयोग २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी दाखवला. सुक्रालोज मलजल प्रक्रिया केंद्रातूनही बऱ्याच अंशी तसेच पार होते, सॅकरिन मात्र तेथे मोठ्या प्रमाणात विघटित होते. म्हणून नदीत सुक्रालोज आणि सॅकरिन दोन्ही असतील तर प्रक्रिया न केलेले सांडपाणी येत असल्याचा संशय घ्यावा. नासर्डीसारख्या, औद्योगिक वसाहतींच्या बाजूने वाहणाऱ्या नदीत मात्र सॅकरिन प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यातूनही येऊ शकते. त्यामुळे तेथे निकेलही मोजावे आणि मगच निष्कर्ष काढावा. प्लेटिंगवाल्यांनी हे लक्षात घ्यावे की धुण्याच्या पाण्यातील निकेल प्रक्रियेत गाळ होऊन खाली बसते, पण सॅकरिन तसे बसत नाही. ड्रॅग-आउटची टाकी ठेवून ते द्रावण परत मुख्य टाकीत घेतले तर पैसाही वाचतो आणि नदीही.

नमुना गंगापूर धरणाच्या खाली, शहराच्या आधी एक आणि शहरानंतर एक असा घ्यावा. स्वच्छ गडद काचेची बाटली आधी त्याच पाण्याने दोनदा विसळावी, प्रवाहाच्या मध्यातून, पृष्ठभागाच्या खालून भरावी, बर्फात ठेवावी आणि लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. ही द्रव्ये लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजायची असल्यामुळे नमुना घेणाऱ्याने त्या सकाळी शुगरफ्री गोळीचा चहा किंवा डाएट शीतपेय घेऊ नये, प्लेटिंगच्या शेडमधून थेट येऊ नये, नवे हातमोजे घालावेत, आणि शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली नदीकाठी उघडून, तशीच बंद करून इतर बाटल्यांबरोबर पाठवावी. त्या कोऱ्या बाटलीत गोड द्रव्य निघाले, तर ते नदीचे नसून हाताचे आहे आणि नमुने पुन्हा घ्यावेत.